बेबीच्या घरचं पाणी

दुपारचं जेवण झालं की मी सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गॅलरीत पाय लांब करून बसते आणि डोळा लागतो. झोप म्हणावी अशी ती नसते. खालून रिक्षावाल्यांचं गुजरातीतलं भांडण ऐकू येत असतं, आतून सुनेची मालिका ऐकू येत असते, आणि त्या दोन्हींच्या मधल्या फटीतून कधीतरी जिजी चालत येते. अंगावर जांभळं लुगडं, हनुवटीवर गोंदण, हातात भलामोठा काचेचा ग्लास, आणि मागे कपाटात ओळीने लावलेल्या दारूच्या बाटल्या. बाटल्यांवर कुठूनतरी उतरतं ऊन पडलेलं असतं आणि त्या आतून पेटल्यासारख्या दिसतात.  जिजी ग्लास जरा वर उचलते. मी हे स्वप्न समजून सोडून दिलं असतं, पण हे मी जागेपणी पाहिलंय, आणि तेव्हा तिच्या शेजारच्या स्टुलावर पर्स छातीशी धरून बसलेली बावळट बाई मीच होते.

जिजी आमची घरमालकीण. उधन्यात तिची चाळ होती. खाली एका ओळीत खोल्या, वर तिचं घर, आणि पाठीमागे मागांचा कारखाना. त्या मागांची खटखट रात्रंदिवस चालायची. भाडेकरू बहुतेक सगळे खान्देशातले, कोणी मागावर, कोणी पांडेसऱ्यात कापडाच्या रंगाईत. जिजी स्वतः शिंदखेड्याकडची. सुरतेत तिचं सारं आयुष्य गेलं, पण बोलणं अहिराणीच राहिलं. 'आहे'ला 'शे' म्हणायची आणि 'मला'ला 'माले'. गुजराती दुकानदारांशीही अहिराणीच बोलायची, आणि तेही तिला उत्तर द्यायचे. भाव तिच्या मनासारखा होईपर्यंत कोणाला काही समजलं नाही तरी चालायचं.

तिचा सगळ्यात मोठा छंद म्हणजे तोंडांचा वास घेणं. गुजरातेत दारूबंदी. ज्याला प्यायची तो रविवारी सकाळी नवापूरची गाडी धरतो. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. तिथल्या एकाच बाकावर एका टोकाला बसलेला माणूस गुन्हेगार असतो आणि दुसऱ्या टोकाला बसलेला नुसता तहानलेला. संध्याकाळी हे तहानलेले परत आले की जिजी चाळीच्या फाटकात उभी.

"कोठे जाई उना रे?"

"मामाकडे गेलो होतो जिजी."

"मामा बरा शे ना? मंग फू कर."

तो बडीशेप, लवंग, पेरूची पानं, काय काय चघळून आलेला असायचा. जिजी डोळे मिटून वास घ्यायची, जशी काही अत्तराच्या दुकानात उभी आहे. मग म्हणायची, "मामानी बडीशेप खूप खावाडी तुले." आणि त्याची वळकटी रात्रीपुरती बाहेर पडायची. सकाळी त्याच माणसाला तीच चहा द्यायची. एकाला मात्र तिने कायमचं काढलं, कारण फू कर म्हटल्यावर त्याने मुद्दाम तिच्या तोंडावर जोरात फुंकर मारली होती. "वासनं चाली जाई," ती म्हणाली, "पन रीत नही त्याले."

रीत हा तिचा शब्द. तिच्या दारात पाय ठेवणाऱ्याला पाणी विचारायची एक रीत होती. ती विचारणार, तुम्ही नको म्हणायचं. ती पुन्हा विचारणार, तुम्ही जरा कमी जोरात नको म्हणायचं. तिसऱ्यांदा ती विचारतच नसे, पाणी समोर ठेवायची, आणि मग तुम्ही "कशाला उगीच" म्हणत प्यायचं. लग्न होऊन मी खोली बघायला आले त्या दिवशी तिने विचारलं, "पानी दिऊ का?" आणि मी पहिल्याच फटक्याला "हो" म्हणाले. मी धुळ्याची, बारावी पास. मला वाटलं, आपण किती मोकळ्या आणि सुधारलेल्या. जिजी माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पोरले घरमा पानी देतस ना रे?" चाळीत पुढे कितीतरी दिवस बाया मला तहानलेली वहिनी म्हणत.

पुढे मी गल्लीतल्या इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत शिकवायला लागले आणि जिजी मला मास्तरीण म्हणू लागली. माझं इंग्रजी म्हणजे सिट डाऊन, हँड्स अप, शेअर युवर टिफिन. तेवढ्यावर मी उधन्यात विदुषी होते. वीजबिलावरचं इंग्रजी मी चाळीला असं वाचून दाखवायची, की बिल माफ झाल्यासारखं लोकांना वाटायचं.

जिजीला एकच लेक, बेबी. हुशार. नर्सिंग शिकली आणि आयर्लंडला गेली. तिथल्याच एका मुलाशी लग्न करतेय असं तिने फोनवर सांगितलं आणि जिजीच्या मालकांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला. ते रंगाईत मास्तर होते, अबोल माणूस.  त्या घरात बेबीचं नाव निघेनासं झालं, इतकंच. जिजी माझ्या खोलीत येऊन बेबीशी बोलायची. पदराआड फोन धरून, मागांच्या खटखटीत ओरडून, गुपित बोलत असल्यासारखी. एकदा फोन ठेवल्यावर ती चौकटीला टेकली. मग म्हणाली, "पोरले पोर होनार नही. डाक्टर म्हनी गया." मी काहीतरी इंग्रजी औषधाचं नाव घेतलं. ती "बरं" म्हणाली आणि वर गेली.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. लेक दिली म्हणजे दिली, दिल्या घरून परत काही घ्यायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा. लेकीला मूल झालं की मग सुटका. ते घर नातवाचं होतं आणि आजीला तिथे पाणी चालतं. माझ्या आईने माझा थोरला होईपर्यंत माझ्याकडे येताना तांब्या भरून आणला होता. मी हसायची तिला. पण जिजीच्या बाबतीत ती सुटका येणारच नव्हती, आणि ते बेबीला माहीत होतं, जिजीला माहीत होतं, फोनवर दोघीही हवापाण्याबद्दल बोलत होत्या.

मालक गेले. वर्षश्राद्ध झालं आणि जिजी म्हणाली, "मास्तरीण, माले पोर देखानी शे. तू चाल. तुले भाषा येस." मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, पण अक्कल बालवाडीतच होती. मी म्हटलं, "जिजी, तू काळजी करू नको, मी सगळं इंग्रजीत सांभाळते."

जिजीने सामान बांधलं ते बघण्यासारखं होतं. ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, डाळ, तेल, मसाला, पापड. "आपलं पीठ, आपलं तेल," ती म्हणाली. "गॅस फक्त बेबीना. आनि गॅस काय पोटमा जास नही." आणि या सगळ्याच्या मधोमध, साडीत गुंडाळलेली, उधन्याच्या नळाच्या पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची कॅन. विमानतळावर पट्ट्यावरून बॅग आली तेव्हा तिच्या चारी बाजूंनी पाणी गळत होतं. आतला मसाला भिजून त्याचा रस्सा झाला होता, पिठाच्या घट्ट बांधलेल्या पिशव्या तेवढ्या वाचल्या. परक्या देशाच्या चकचकीत फरशीवर उधन्याच्या पाण्याची लाल रेघ ओढत आम्ही बाहेर पडलो, आणि बेबी आईच्या गळ्यात पडली. जावईबापू उंच, तांबूस, लाजरे. त्यांनी वाकून जिजीच्या पायांना हात लावला. बेबीने शिकवलं असणार. जिजीने पदर पुढे घेतला आणि माझ्या कानात म्हणाली, "रीत शे याले."

घर कुठे आहे हे मात्र बेबीने कधी नीट सांगितलं नव्हतं. एका लहानशा गावात, नदीच्या काठी, खाली बार आणि वर घर. बार जावईबापूंच्या आजोबांपासूनचा. वर जायचा जिना बारच्या आतून. म्हणजे लेकीच्या घरी जायचं तर दारूच्या गुत्त्यातून. जिजी उंबऱ्यावर थांबली. मला वाटलं आता ही परत फिरते. माझ्या मनात बार म्हणजे हिंदी सिनेमातला, लाल दिवे, नाचणाऱ्या बाया आणि काळा चष्मा लावलेला कोणीतरी. मी पर्स छातीशी धरली, ती पुढचे सगळे दिवस तशीच राहिली. आत बघितलं तर एक म्हातारी विणत बसली होती, एक शेतकरी कुत्र्याशी बोलत होता, भिंतीवर येशूची तसबीर होती, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात धूळ इतकी सावकाश खाली येत होती की ती खाली पोचते की नाही कळत नव्हतं. जिजीने नाक वर करून वास घेतला. डोळे मिटून. तिला वास घेताना मी शेकडो वेळा बघितलं होतं, पण या वेळी तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही.

विणणारी म्हातारी म्हणजे विहीणबाई. जावईबापू काउंटरच्या आत गेले, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, काही घेणार का? मी भाषांतर केलं. जिजी म्हणाली, "नको." मीही म्हटलं, "नो नो, थँक्यू." त्यांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

बस. पुन्हा विचारलंच नाही.

आम्ही खिडकीपाशी टेबलावर बसलो. मला वाटलं, आता विचारतील, मग विचारतील. घसा कोरडा पडला होता. कोणी येईना. मी "शुक शुक" केलं. कुत्रं आलं. टाळी वाजवली. विणणाऱ्या विहीणबाईंनी माझ्याकडे बघून हसून टाळी वाजवली. इथे आपण उठून काउंटरपाशी जाऊन मागायचं असतं, वेटर येत नसतो, हे मला कोण सांगणार? मी जिजीला म्हटलं, "तुझा जावई कंजूष आहे. एकदा विचारून मोकळा."

 संध्याकाळी जिजीने मला समोरच्या दुकानात पाठवून पाण्याच्या बाटल्या आणवल्या. विकतचं पाणी दुकानदाराचं, लेकीचं नाही. त्याच पाण्यात तिने पीठ मळलं. बेबी कामावरून आली, तिने ओट्यावरच्या त्या बाटल्या बघितल्या. शेजारीच तिचा नळ होता, अगदी हाताच्या अंतरावर.

"जिजी, इथलं पाणी डोंगरातून येतं," बेबी म्हणाली. "फार चांगलं असतं."

"असू दे माय," जिजी म्हणाली. "चांगलंच राही."

बेबीने नळ थोडा सोडला, पाण्याखाली हात धरला, आणि बंद केला. त्यानंतर तिनेही कधी विचारलं नाही.

ते दिवस मला असे आठवतात जसे पाण्यात पडलेल्या सावलीत बघितलेले. तिथला उन्हाळा. संध्याकाळ सुरू व्हायची आणि संपायचीच नाही. ऊन नदीवर आडवं पडून राहायचं, कंटाळलेल्या जनावरासारखं. मागांची खटखट नाही म्हणून जिजीला झोप येत नसे. ती सकाळी म्हणायची, "रातभर आयकत ऱ्हायनू, काहीच नही वाजनं." दिवसा आम्ही खालीच बसायचो, कारण वर एकटं बसून काय करणार. जिजी बार बघायची, जशी लोकं देवळातली आरती बघतात. जावईबापू ग्लासात काळी बियर ओततात, अर्ध्याच्या वर भरून ठेवून देतात आणि दुसरीकडे जातात. गिऱ्हाईक गुपचूप उभं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला वाटलं विसरले. मी त्या गिऱ्हाइकाला बालवाडीच्या आवाजात सांगितलं, "ही फरगॉट यू. कंप्लेंट हिम." तो गोंधळून बाजूच्या स्टुलावर सरकला.

जिजी म्हणाली, "गप बठ व. रंग बठू देस तो."

खरंच ग्लासातलं गढूळ तपकिरी सावकाश काळं होत होतं आणि वर पांढरी साय जमत होती. पांडेसऱ्यात कापड रंगात बुडवून ठेवतात, उचलत नाहीत, तसं. तिच्या मालकांचं आयुष्य त्या वाट बघण्यात गेलं होतं. जिजी बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत राहिली. मग जावईबापूंनी वरचा भाग भरला आणि तिने समाधानाने मान हलवली, जणू तिनेच परवानगी दिली.

शनिवारी बार भरला. बेबी दवाखान्यात होती, उशिरा येणार होती. आम्ही काउंटरपाशी स्टुलांवर बसलो होतो, जिजी मांडी घालून, कारण लोंबत्या पायांनी तिला बसता येत नसे. शेजारी तो कुत्रेवाला शेतकरी. त्याने जावईबापूंना बोटाने सगळ्यांकडे गोल दाखवलं, आणि एकेकासमोर ग्लास येऊ लागले. जिजीसमोरही आला. फसफसणारं, लिंबाचं गोड पाणी.

"नको," जिजी म्हणाली. मी "नो नो" केलं.

शेतकरी म्हणाला, अहो घ्या हो.

"नको, नको."

घ्याच, त्यात काय आहे, तो म्हणाला, आणि ग्लास तिच्या पुढ्यात सरकवला.

जिजीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे चमकत होते. "मास्तरीण, याले इचारता येस," ती म्हणाली. मग हिशोब सुरू झाला. "हाई कोनी दिधं? बेबीनी का यानी?"

"याने. विकत घेऊन."

"म्हनजे दुकानना माल. मंग चाली." आणि तिने ग्लास उचलून, ओठ न लावता, मान मागे टाकून वरून धार सोडली. आपल्याकडे सगळेच पितात तसं. सगळा बार थांबला. एवढा मोठा ग्लास, एक थेंब लुगड्यावर नाही. कोणीतरी टाळी वाजवली. दोघांनी तसं करून बघितलं आणि शर्टावर बियर सांडून घेतली. कुत्र्याचं त्यात भलं झालं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या बुद्धीचं प्रदर्शन. शेतकऱ्याचा ग्लास रिकामा झाला. तो जिजीकडे बघायचा, रिकाम्या ग्लासाकडे बघायचा, हसायचा. पुन्हा जिजीकडे. बाकीचेही बघत होते, कोणी काही मागवत नव्हतं. मला सगळं कळलं. आयुष्यभर बघितलेले सिनेमे माझ्या कामी आले. मी जिजीचा पदर तिच्या डोक्यावर नीट ओढला, शेतकऱ्याच्या आणि तिच्या मध्ये पर्स ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, शी इज विडो. व्हेरी गुड फॅमिली. प्लीज डोन्ट लुक."

तो बिचारा सत्तरीचा म्हातारा. कानांपर्यंत लाल झाला आणि त्याने टोपी काढून माझीच माफी मागितली. जावईबापू काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकले ते लवकर वर आले नाहीत. शेवटी विहीणबाई विणकाम बाजूला ठेवून आल्या आणि त्यांनी मला, लहान मुलीला सांगावं तसं, सावकाश सांगितलं. इथे एकाने सगळ्यांना पाजलं की मग दुसऱ्याने पाजायचं, मग तिसऱ्याने. कोणी तोंडाने मागत नाही. आता पाळी तुझ्या मैत्रिणीची. सगळे थांबलेत.

मी जिजीला सांगितलं. तिने स्वतःच्या गालावर चापट मारली.

"अव माय. हाई तं आहेर शे. घिधा आनि फेडा नही मी. इतली येळ." लग्नात ज्याच्याकडून लुगडं आलं त्याच्या घरी लुगडं जायलाच पाहिजे, हा तिच्या जगाचा पाया होता. ती मांडी मोडून खाली उतरली, कंबरेचा बटवा काढला, बेबीने तिच्या रुपयांच्या बदल्यात दिलेली तिथली नोट काढली आणि काउंटरवर ठेवली. "सर्वास्ले दे," ती जावईबापूंना म्हणाली. "जे पितस ते."

जावईबापूंनी नोट परत सरकवली. तुमच्याकडून कसे घेऊ, हे तुमचंच आहे.

"मास्तरीण, त्याले सांग. त्यानी पैसा नही घिधा तं हाई बेबीनं व्हई जाई. मंग मी कसाले पाजनू?"

हे इंग्रजीत सांगायला बालवाडी कमी पडली. मी फक्त म्हणाले, "टेक. शी विल क्राय." ते घेईनात. जिजीने नोट त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबली, त्यांनी काढून तिच्या हातात दिली, तिने पुन्हा कोंबली. आपल्या लग्नात निघताना दारात जसं चालतं अगदी तसं, आणि तो सगळा बार ते क्रिकेट बघावं तसं बघत होता. अखेर विहीणबाई म्हणाल्या, घे रे, पैसे घेतले नाहीत तर तिची पाळी झालीच असं कोण म्हणेल. त्यांनी घेतले.

आणि उधन्याच्या फाटकात उभी राहून माणसांचे श्वास हुंगणारी जिजी त्या दिवशी भर बारमध्ये हात कंबरेवर ठेवून उभी होती, आणि गावातला प्रत्येक पुरुष तिच्या नावाने ग्लास उचलत होता. खिडकीतून ते न संपणारं ऊन आलं होतं. बाटल्या पेटल्या होत्या. तिनेही ग्लास जरा वर उचलला. मी म्हटलं, "जिजी, चाळीत कळलं तर?" ती म्हणाली, "कोन सांगी? तू? फू कर बरं."

तेवढ्यात दार उघडून बेबी आली. अंगावर नर्सचे कपडे, खांद्याला पिशवी. तिने काउंटरपाशी आई बघितली. हातात ग्लास, ओठ ओले. बेबी जागच्या जागी थांबली. एवढ्या दिवसांत तिचा चेहरा असा झालेला मी बघितला नव्हता. शाळा सुटताना दारात आई दिसल्यावर माझ्या बालवाडीतली पोरं करतात तसा.

"जिजी, तू इथलं प्यायलीस?"

आणि मी, भाषेची जाणकार, चटकन म्हणाले, "छे ग, काळजी करू नको. तुझ्या घरचं नाही. या शेतकऱ्याने विकत घेऊन पाजलं. तिने काही मोडलं नाही."

"हो का," बेबी म्हणाली. "बरं झालं." ती हसलीसुद्धा. पिशवी खांद्यावर सारखी केली आणि जिना चढून वर गेली.

जिजी जिन्याकडे बघत राहिली. जावईबापूंनी फडकं खाली ठेवलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण बायकोची पाठ कळली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, तिला सांगा, पहिल्या दिवशी मी पुन्हा विचारणार होतो. बेबीने मला आधीच बजावलं होतं, आईला दुसऱ्यांदा विचारू नकोस. तिला माझ्या घरी नाही म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना तिला त्रास होतो. एकदाच होऊ दे.

मी हे जिजीला शब्दाला शब्द सांगितलं. माझ्या आयुष्यातलं तेवढं एक भाषांतर बरोबर झालं असावं. जिजीने ग्लास काउंटरवर ठेवला. "म्हनजे आते कोनी इचारनार नही," ती स्वतःशीच म्हणाली.

ती जिना चढू लागली, कठड्याला धरून. मी मागोमाग गेले. अशा वेळी खाली थांबणाऱ्यांतली मी नाही.

बेबी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती, बूटसुद्धा न काढता. जिजी तिच्यासमोर बसली नाही. खालच्या लोकांचा हसण्याचा आवाज फरशीतून वर येत होता. जिजीने पदराने हात पुसले, जे कोरडेच होते. जन्मात तिने कोणाच्या घरी तोंडाने काही मागितलं नव्हतं. तिला कसं मागतात तेच माहीत नव्हतं. 

"बेबी," ती म्हणाली. "पानी दे."

बेबीने वर बघितलं. "दुकानातली बाटली संपली का? मी आणते."

"दुकाननं नको. तुन्हं दे."

"जिजी, नातवाचं घर नाही हे. होणार पण नाही."

"माले मालूम शे," जिजी म्हणाली. "मी नातूकडे नही उनू. मी पोरकडे उनू. तहान लागनी माले."

बेबी उठली. नळ सोडला, बराच वेळ वाहू दिला, गार होईपर्यंत. ग्लास भरून तिने तो जिजीच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे झाली, जणू अजूनही नको ऐकायला तयार. जिजी घोटाघोटाने प्यायली. खाली सगळ्या गावासमोर दाखवला तसला काही खेळ नाही. मध्येच थांबून श्वास घेतला, पुन्हा प्यायली. अर्ध्यावर तिचे डोळे भरून आले, पण ग्लास खाली ठेवला नाही. बेबी ओट्याला धरून उभी होती आणि आईचा गळा हलताना बघत होती.

ग्लास रिकामा झाल्यावर जिजीने ओठ पुसले आणि खुर्ची ओढून बसली, घरातल्या मोठ्या बाईने बसावं तशी ऐसपैस.

"आते चहा मांड," ती म्हणाली. "आनि इचारू नको. इचारं तं मी नको म्हनसू."